चौथी ओळ, डावीकडून सोळावा

मिरजेच्या शेडमध्ये इंजिन थंड व्हायला
दीड दिवस लागायचा.
तोवर लाडलेसाहेब शिकलगार, वय वर्षे अकरा,
राखेच्या खड्ड्याकाठी बसून राहायचा,
दाढेत गुळाचा खडा. चावायचा नाही.
मग मुकादम म्हणायचा, "चल रे, घूस,"
आणि पोरगं भट्टीच्या तोंडातून
आधी डोकं, मग एक खांदा तिरका करून
आत,
चुलीत मांजर शिरतं तसं.

घरी चुलता भोपळे पारखायचा.
तलवारींना धार लावायचं काम आज्याबरोबर संपलं,
तेव्हापासून घरात लाकूड, लाख, तारा.
भोपळ्यांची गाडी दारात आली की
चुलता टिचकी मारी, मान कलती करी,
आणि दहातले नऊ परत गाडीत.
का, ते कधी सांगितलं नाही. पोरानं विचारलंही नाही.

आत काळोख. तेलाची चिमणी.
तांब्याच्या भिंतीत ओळीनं स्टे,
बोटाएवढे जाड, शेकड्यांनी.
एकेकावर हातोडी.
टण्. टण्. टण्.
धड असलेला स्टे बोलतो.
तुटलेला नुसता ऐकून घेतो.

बॉयलर धुताना जे पापुद्रे निघत
ते तो खिशात घालून आणायचा:
भिलवडीच्या पाण्याचा पांढरा,
वाठारचा तांबूस, मधेच एक काळसर, कुठला कोण जाणे.
यंत्र विलायतेचं, पेट्यांतून सुटं सुटं आलेलं,
आणि चार वर्षांत त्याच्या पोटात
आपल्याच नदीचा दगड झालेला.

सव्वीस नंबरमध्ये, श्रावणात,
चौथी ओळ, डावीकडून सोळावा.
टण्. टण्. ठप्.
पुन्हा. ठप्.
त्यानं खडूनं फुली मारली, बाहेर येऊन सांगितलं.
डनबार साहेबाचं पोट भट्टीच्या दारात मावेना.
त्यानं बाहेरूनच कान लावला,
पोराला ठोकायला लावलं, सात वेळा,
आणि म्हणाला, सगळे सारखेच वाजतात.
वहीत "ठीक" लिहिलं.
वेळ खाल्ला म्हणून दोन आणे कापले.

सव्वीस नंबर आदर्कीचा घाट चढली,
मागून दुसरं इंजिन रेटत होतं म्हणे.
दुसऱ्या दिवशीही चढली. तिसऱ्याही.
लाडलेसाहेब रात्री पत्र्याखाली पडून
गाडीची शिट्टी येईतो जागायचा,
आली की झोपायचा.
दसरा गेला. थंडी पडली.
काही झालं नाही.

हे मला त्याच्या धाकट्या मुलानं सांगितलं,
दुकानाच्या फळ्या लावता लावता.
मी साल विचारलं. म्हणाला,
"तेव्हा गाडी नवी होती. माणसं रुळावर कान ठेवून बघायची."
मी म्हटलं, मग पोराचा कान चुकला?
त्यानं उरलेली फळी भिंतीला टेकवली.
पुढच्या उन्हाळ्यात सव्वीस नंबर हुबळीला उघडली.
पिंटो ड्रायव्हर होता तिथं. त्यानं परत येऊन सांगितलं,
तीन स्टे तुटलेले निघाले.
कुठले?
ते पिंटोनं पाहिलं नव्हतं.
मिरजेला कागद आला नाही. दोन आणेही नाहीत.

तीस वर्षं ठोकली त्यानं ती भिंत.
त्यातल्या वीसात कान गेले,
आधी चिमण्या, मग बायको, मग शिट्टी.
उरलेली दहा वर्षं हातोडीच्या दांड्यातून
तळहातानं ऐकलं. कुणाला कळू दिलं नाही.

नोकरी सुटल्यावर चुलत्याच्या दुकानात बसला.
सतार जुळवताना दांडीच्या टोकाला दात लावायचा,
डोळे मिटायचा,
आणि तार पिळायचा, थोडी, अजून थोडी,
जबड्यात काहीतरी जागेवर बसेपर्यंत.
म्हणजे त्याच्या हातच्या सतारी ओळखायला सोप्या:
दांडीच्या शेवटाला, लाखेखाली, चार बारीक खुणा.

एकदा धारवाडहून एक गिऱ्हाईक आलं.
खुणा बघून म्हणालं, हे काय,
उंदरानं कुरतडलेला माल, दोन रुपये कमी करा.
लाडलेसाहेबानं सतार कापडात गुंडाळली,
गाठ मारली,
आणि पूर्ण पैशांसाठी हात पुढे केला.
गिऱ्हाईक बराच वेळ बोलत होतं.